वाचक विचारतात : गंगेवर डबी लपवू का?

मागच्या अंकात जिओकॅशिंगवर एक छोटीशी चौकट छापली होती. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते, कोणीतरी एक डबी (तिलाच या खेळात कॅश म्हणतात, पैशांची कॅश नव्हे) कुठेतरी लपवतो, तिचे अक्षांश-रेखांश वेबसाईटवर टाकतो, बाकीचे फोन घेऊन ती हुडकतात, आतल्या कागदावर नाव आणि तारीख लिहितात आणि डबी जिथे होती तिथे जशीच्या तशी ठेवून देतात. बस, एवढंच. पण या एवढ्याशा चौकटीवर मेलचा पाऊस पडला आणि त्यातले बरेचसे नाशिकच्या गोदाघाट नाहीतर होळकर पुलाबद्दलच आहेत (गोदावरीलाच आपण नाशिककर गंगा म्हणतो), म्हणून या वेळचा सगळा कॉलम त्यालाच दिलाय. केस गळणं आणि सोसायटीची भांडणं पुढच्या अंकात.

प्रश्न : मुलगी-जावई अमेरिकेत पोर्टलंडला असतात. तिकडे गेलो होतो तेव्हा जावई आणि नातू नदीकाठी मोबाईलमध्ये बघत बघत झाडाच्या बुंध्याशी काहीतरी उकरल्यासारखं करत होते, मला आधी काही समजेना. आता नातू डिसेंबरात नाशिकला येतोय आणि आत्तापासून विचारतोय की आजोबा तिथे कॅश आहेत का. आमच्या हिला वाटतंय हा गुप्तधनाचा प्रकार आहे. नक्की काय आहे? (एक निवृत्त वाचक, गंगापूर रोड)

काका, काकूंना सांगा निर्धास्त राहा, ना लिंबू ना कुंकू, आणि धन तर अजिबातच नाही. गंमत म्हणजे तुमचा नातू राहतो तिथूनच हे सगळं सुरू झालं. अमेरिकन सरकार आधी सामान्य लोकांना मिळणाऱ्या जीपीएसच्या सिग्नलमध्ये मुद्दाम गडबड करून ठेवायचं, त्यामुळे जागा शंभरेक मीटरपर्यंत चुकायची. मे २००० च्या सुरुवातीला अध्यक्ष क्लिंटन यांच्या आदेशाने ही गडबड बंद झाली आणि एका रात्रीत जगभरातले जीपीएस कितीतरी पटीने अचूक झाले. लगेच ३ मेला डेव्ह अल्मर नावाच्या गृहस्थांनी ओरेगनमधल्या बीव्हरक्रीकजवळ, म्हणजे पोर्टलंडपासून फार लांब नाही, एक बादली ठेवली आणि तिचे आकडे इंटरनेटवर टाकून दिले की बघू कोणाला सापडते का. काही दिवसांतच लोकांनी ती शोधून काढली. आज त्या जागेवर पाटी आहे, नातवाला म्हणावं एकदा जाऊन ये.

उकरण्याबद्दल सांगते, नियम असा की जागेच्या मालकाच्या स्पष्ट परवानगीशिवाय जमीन खणून डबी पुरायची नाही. जावई बहुतेक पालापाचोळा बाजूला करत असतील.

नाशिकपुरतं म्हणाल तर या खेळाचं ॲप उघडून नकाशा शहरावर आणा आणि कायकाय दिसतं ते बघा, पण पोर्टलंडसारखं दर चौकात काहीतरी मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका, आपल्याकडे हा खेळ अजून विरळच आहे. काही डब्या पैसे भरणाऱ्या मेंबरांनाच दिसतात, तेव्हा नातवाच्या किंवा जावयाच्या अकाऊंटवरून बघा. आणि जे दिसेल त्याच्याखालच्या नोंदी वाचा. शेवटची नोंद चार-पाच वर्षांपूर्वीची असेल आणि तीही 'सापडली नाही' अशी, तर पोराला भर दुपारी उगाच फिरवू नका.

प्रश्न : ताई, आम्ही चौघं कॉलेजची मुलं, पंचवटीतलीच. होळकर पूल ते गाडगे महाराज पूल या पट्ट्यात आम्हाला आमची पहिली कॅश लपवायची आहे कारण इतिहास सगळा तिथेच आहे. प्लॅन असा की रामसेतूच्या खालच्या बाजूला लोखंडाला मॅग्नेटवाली बारकी डबी चिकटवायची, कोणाला दिसणारच नाही. कशी वाटते आयडिया?

आयडियातली जागा एक नंबर, डबी तिथे नको. आणि हे मी फक्त नियमांवर बोट ठेवून म्हणत नाहीये, तुम्ही पंचवटीतले आहात म्हणजे खरं तर हे तुम्ही मला सांगायला हवं.

पहिलं पाणी. रामसेतू हा गंगेवरचा बुटका पूल, पावसाळ्यात वर गंगापूर धरणातून पाणी सोडलं की सगळ्यात आधी बुडणाऱ्यांत त्याचा नंबर लागतो. आपल्याकडे पूर क्युसेकमध्ये मोजतच नाहीत, घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, गळ्याशी आलं असं मोजतात. १९६९ ला, २००८ ला, २०१६ ला, २०१९ ला पाणी कुठपर्यंत आलं होतं ते सराफ बाजारातला कोणताही दुकानदार भिंतीवर हात ठेवून दाखवेल. तिथे तुमची ती नखाएवढी डबी जुलै उजाडेपर्यंत टिकली तरी नशीब, त्यानंतर ती नांदूरमध्यमेश्वरच्या दिशेने निघालेली असणार, म्हणजे सरळ भाषेत नदीत प्लास्टिक आणि लोखंड टाकल्यासारखंच झालं.

दुसरं लोक. 'कोणाला दिसणारच नाही' हे वाचून हसू आलं. रामकुंडावर दोरीला लोहचुंबक बांधून पाण्यातली नाणी काढणारी पोरं तुम्ही लहानपणापासून बघताय ना? ती दिवसभर तेच करतात, शोधणं हेच त्यांचं काम, पाण्याखालचा रुपया ज्यांना कळतो त्यांच्यापासून तुम्ही मॅग्नेटची डबी लपवणार? शिवाय बुधवारचा बाजार, भाजीवाले, पिंडदानाला आलेली माणसं, फुगेवाले, कपडे वाळत घालणाऱ्या बायका, घाटावर अर्धा मिनिटसुद्धा असं नसतं की कोणाचं लक्ष नाही. आणि पुलाच्या खालून हात घालून चाचपणारा माणूस लोकांना कसा दिसतो याचा विचार करा. एक तर तो पडतोय असं वाटून चार जण धावतील नाहीतर तो काहीतरी चिकटवतोय असं वाटून चार जण वेगळ्या कारणाने धावतील.

तिसरं परवानगी. डबी ठेवायच्या आधी जागा ज्याची आहे त्याला विचारायचं हा या खेळातला सगळ्यात मोठा नियम आहे, कुठेही. पूल सरकारी, घाट सरकारी, देवळं कुठे ट्रस्टची तर कुठे पुरातत्त्व खात्याकडे. आणि आता तर २०२७ च्या सिंहस्थाची कामं, आज जिथे कठडा आहे तिथे उद्या काय असेल सांगता येत नाही.

मग करायचं काय, तर कोडं घाटावर ठेवा आणि डबी वर गावात न्या. याला मल्टी कॅश म्हणतात. पहिल्या दोन-तीन टप्प्यांवर काहीच लपवायचं नाही, तिथे जे शेकडो वर्षं किंवा निदान शंभर वर्षं उभं आहे ते बघून एक एक आकडा काढायचा, आणि ते आकडे जोडून शेवटच्या डबीचे अक्षांश-रेखांश तयार होतात. यात अजून एक फायदा, दोन कॅशच्या डब्यांमध्ये कमीत कमी १६१ मीटर अंतर लागतं, पण जिथे काही ठेवलेलंच नाही, नुसतं बघायचंय, त्या टप्प्याला हा नियम लागू नाही, त्यामुळे घाटावरची तुमची ठिकाणं कितीही जवळ जवळ असली तरी अडत नाही.

सुरुवात होळकर पुलावरून करा. ब्रिटिशांच्या काळातला पूल, आधीचं नाव व्हिक्टोरिया पूल, जुन्या मुंबई-आग्रा वाटेवरची गंगा ओलांडायची जागा हीच. लोक त्यावरून रोज गाडी घालतात पण खाली उतरून पुलाकडे बघत कोणी नाही. तर सांगायचं की काठावरून पुलाचे गाळे मोजा, तो झाला तुमचा पहिला आकडा. तिथून चार पावलांवर सुंदरनारायण, १७५६ चं देऊळ. मग गंगेच्या कडेने खाली रामकुंडाकडे, आणि चालताना एक गोष्ट बघायला लावा जी जन्मभर नाशकात राहून कित्येकांच्या लक्षात येत नाही, एरवी पूर्वेकडे जाणारी गोदावरी इथे दक्षिणेकडे वळते. फोनमधलं होकायंत्र काढून प्रवाहाचे अंश वाचायला सांगितलेत तर तोही एक टप्पा होतो, फक्त उत्तरात थोडी सूट ठेवा कारण प्रत्येकाचा फोन थोडं वेगळं दाखवणार. पुढे नारोशंकराचं देऊळ, १७४७ चं, आणि त्याची ती घंटा. वसईला पोर्तुगीजांना हरवलं त्या विजयाची ती घंटा आणि गंगेचं पाणी तिला लागलं की ती वाजते अशी आपल्याकडची जुनी बोली.

आता एक बारीक गोष्ट. मी दिलेली ही सालं कोड्यात वापरू नका, ती गुगलवर सापडतात, मग पोरं घरात पंख्याखाली बसून उत्तर काढतील आणि थेट शेवटच्या डबीवर हजर. असं काहीतरी विचारा जे तिथे उभं राहूनच कळतं, कोपऱ्यावरच्या पायऱ्या, दगडात कोरलेला एखादा प्राणी, खांब. आणि ते दगडातलंच असू दे. रंगवलेली पाटी, फ्लेक्स, दुकानाचं नाव यांवर कोडं बांधलं की सिंहस्थाचा रंग लागला की कोडं मेलं.

शेवटची डबी मात्र नदीपासून लांब, पूररेषेच्या वर, आणि कोणाच्यातरी डोळ्यासमोर. तुमच्यापैकी एकाच्या वाड्याचं अंगण, ओळखीच्या काकांच्या दुकानाचा ओटा, वाचनालयवाले तयार असतील तर पुस्तकांच्या कपाटाची कड. मालकाने हो म्हटलंय हे वेबसाईटच्या फॉर्ममध्ये सरळ लिहा, तिथे तपासणारे लोक म्हणजे रिव्ह्यूअर हे पगारी नसतात, हौसेने करतात, त्यांना जेवढं स्पष्ट लिहाल तेवढं लवकर पास होतं. तिथे दोन आकडे द्यायचे असतात, शोधायला किती अवघड आणि पोचायला किती अवघड, दोन्ही एक ते पाच. पोचण्याचा एक म्हणजे व्हीलचेअरवरचा माणूससुद्धा जाऊ शकतो असा अर्थ होतो, घाटाच्या पायऱ्या उतरायच्या असतील तर एक लिहू नका.

प्रश्न : मला मित्राने रामकुंडाजवळच्या एका जागेचे आकडे पाठवले, २० डिग्री ००.४५० उत्तर आणि ७३ डिग्री ४७.५५० पूर्व. मी मॅपमध्ये २०.००४५० आणि ७३.४७५५० असं टाकलं तर मॅप म्हणतो त्र्यंबकच्याही पलीकडे जा. मित्र खरडपट्टी काढतोय की तुला साधे आकडे टाकता येत नाहीत. चूक कोणाची? (वाचक, इंदिरानगर)

मित्राची नाही. पण तुमचीही अर्धीच धरू, कारण इथे सगळेच आपटतात. या खेळात आकडे डिग्री आणि मिनिट असे लिहितात आणि एका डिग्रीत मिनिटं साठ असतात, शंभर नाही. तुम्ही मिनिटांना दशांश समजून थेट टिंबानंतर चिकटवलंत. आधी साठने भागा. ००.४५० भागिले ६० म्हणजे ०.००७५, झालं २०.००७५. ४७.५५० भागिले ६० म्हणजे ०.७९२५, झालं ७३.७९२५. हे टाका, बरोबर पंचवटीत याल.

उत्तरेच्या आकड्यात तुमचा फरक फक्त सव्वातीनशे-साडेतीनशे मीटरचा पडला, तो कळलाही नसता, पण पूर्वेच्या आकड्याने तुम्हाला तेहेतीसेक किलोमीटर पश्चिमेला फेकलं. ते एका अर्थी बरंच झालं. थोडकी चूक असती तर माणूस तासभर चुकीच्या गल्लीत कुंड्या उचलून बघत बसतो.

आता आकडे बरोबर टाकल्यावरही डोळे फोनमध्ये घालून चालू नका. मिनिटाच्या शेवटच्या घरातला एक आकडा म्हणजे जमिनीवर पावणेदोन मीटरच्या आसपास, कागदावर एवढं बारीक असतं, पण फोन मोकळ्या आभाळाखालीसुद्धा पाचेक मीटर इकडेतिकडे दाखवतोच. भांडी बाजार, दहीपूल अशा अरुंद बोळात तर सिग्नल भिंतींवर आपटून येतो, निळा ठिपका एकदा या वाड्यात एकदा त्या वाड्यात, मध्येच गंगा ओलांडून पलीकडच्या काठावर जाऊन उभा. शेवटचे दहा मीटर राहिले की फोन खिशात टाकायचा आणि डोळ्यांनी शोधायचं, मी लपवणारी असते तर कुठे ठेवलं असतं असा विचार करायचा.

प्रश्न : माझा मुलगा आठवीत आहे, त्याला हे शिकवलं तर चालेल का? भीती एवढीच वाटते की कोणी पोलिसात दिलं तर? बेवारस वस्तूंच्या सूचना आपण रोज ऐकतो. (एक आई, नाशिकरोड)

तुमची भीती फालतू अजिबात नाही. तुम्ही नाशिकरोडच्या आहात म्हणजे नोटांचा छापखाना एका बाजूला आणि देवळालीचं लष्करी क्षेत्र दुसऱ्या बाजूला, त्या दोन्हीच्या आसपास हा खेळ नाही म्हणजे नाही. रेल्वे स्टेशन, शाळेचं कंपाऊंड, धरणाची भिंत, ओझरचा विमानतळ, यातलं काही नको. नकाशावर चुकून अशा जागी डबी दिसलीच तरी सोडून द्या, एका डबीने काय अडतंय.

बाकी ठिकाणी एकच सवय लावा, लपूनछपून करायचं नाही. वॉचमनने विचारलं काय रे शोधतोयस, तर पोराने पळ काढायच्या ऐवजी फोन दाखवून सांगायचं की काका असा असा खेळ आहे. नव्याण्णव टक्के वेळा वॉचमनच शोधायला लागतो. तुमचा मुलगा पुढे स्वतः डबी ठेवेल तेव्हा ती आरपार दिसणारी असू दे, स्वयंपाकघरातली घट्ट झाकणाची प्लास्टिकची डबी उत्तम, आणि बाहेरून मराठीत मोठ्ठं लिहा की हा जिओकॅशिंगचा खेळ आहे, आत फक्त वही आहे. काळ्या टेपने गुंडाळलेला पाईपचा तुकडा फोटोत भारी दिसतो पण सिंहस्थाच्या शहरात तो कोणाच्याही पोटात गोळा आणेल.

आठवीतला मुलगा एकटा घाटावर नको, सोबत जा. शेवाळलेल्या पायऱ्या मोबाईलमध्ये बघत उतरण्यासारख्या नसतात.

प्रश्न : मी सोमेश्वरच्या धबधब्यावर कॅश ठेवणार आहे, दगडाच्या कपारीत. ठीक ना?

कपारीत नको, पावसात तिथे लोक पाय घसरून पडतात, आणि आपण त्यांना अजून एक कारण द्यायला नको. सोमेश्वरला अर्थकॅश करा (अर्थ म्हणजे इंग्रजीतली पृथ्वी). त्यात डबीच नसते. भूगर्भशास्त्रातली एखादी गोष्ट लोकांनी जागेवर जाऊन बघायची आणि तुमच्या प्रश्नांची उत्तरं तुम्हाला पाठवायची, ती पटली की नोंद पक्की. आपल्या पायाखालचा काळा पाषाण म्हणजे साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर एकावर एक बसून झालेला बेसाल्ट, आणि गोदावरी त्यावरून उडी मारते तिथे तो उघडा पडलेला दिसतो. दगडाला कुठे बारीक भोकं आहेत, कुठे तो गुळगुळीत आहे, पाण्याने कुठला भाग आधी झिजवलाय, असे प्रश्न विचारता येतील आणि हे सगळं कठड्याच्या अलीकडून दिसतं. जागेच्या व्यवस्थापनाला विचारणं इथेही आलंच.

प्रश्न : कॅशच्या पानावर गोदावरीचं माहात्म्य आणि काठावरच्या देवस्थानांची माहिती टाकायची आहे, शेवटी सर्वांनी रामकुंडात स्नान करावे असं आवाहन. चालेल का?

माहिती चालेल, आवाहन उडेल. धर्माचा, पक्षाचा किंवा धंद्याचा प्रचार त्या पानावर चालत नाही, मग ते देवदर्शन असो की तुमच्या भाच्याची मिसळ. रामकुंड कुठे आहे, इथे लोक का येतात, सिंहस्थ दर बारा वर्षांनी का भरतो हे बिनधास्त लिहा. करा, या, घ्या ही क्रियापदं काढून टाका.

प्रश्न : डबीत चिवड्याची पुडी ठेवली तर? सापडणाऱ्याला आनंद.

मुंग्यांना जास्त आनंद. अल्मर यांच्या त्या पहिल्या बादलीत बीन्सचा एक डबा होता म्हणतात, पण नंतर खाण्याच्या वस्तूंना बंदीच आली, वास लागला की कुत्री, उंदीर, माकडं डबी फाडून काढतात. परदेशी नाणं, बिल्ला, गोटी, छोटं खेळणं असलं काहीतरी ठेवा. नियम असा की जेवढ्या किमतीचं घ्याल तेवढ्याचं किंवा जास्तीचं परत ठेवायचं. आणि वहीबरोबर पेन्सिल ठेवा, पेन नको, आपल्या दमट पावसात शाई पसरते.

प्रश्न : दोन वेळा जाऊन आले, डबी मिळाली नाही. सापडली असं लिहून टाकू का? कोण बघायला येतंय. (वाचक, सिडको)

लिहू नका. वहीत तुमची सही नसली तर मालक ती नोंद काढून टाकू शकतो. 'सापडली नाही' अशीच नोंद करा, त्यात काही लाज नाही, उलट मालकाला त्यानेच कळतं की जाऊन बघायला पाहिजे, डबी गेली की काय. अशा दोन-तीन नोंदी सलग आल्या आणि मालकाने तरीही काही हालचाल केली नाही, तर रिव्ह्यूअर ती कॅश आधी तात्पुरती आणि मग कायमची बंद करतात. तुम्ही म्हणताय ती बंद होण्याच्याच वाटेवर दिसते, पानावर मालकाला एक मेसेज टाका आणि उत्तर येईपर्यंत तिसऱ्यांदा जाऊ नका.